इबू हाप्सारींची पुस्तकं

बांडुंग, ४ सप्टेंबर

ईलार,

सलाम, खुशाली काही लिहीत नाही. रागात आहे. फोन तू उचलत नाहीस, उचललास तर "कामावर आहे तेतेह" म्हणून ठेवून देतोस. थोरल्या बहिणीला चार वर्षं असं टांगून ठेवायला कोणी शिकवलं तुला, त्या तुझ्या गोदामाने?

कामाचं आधी. बाजार-कचेरीने नोटीस लावलीय. गाळे पुढच्या दहा वर्षांसाठी नव्याने नावावर करून देणार आहेत. शेवटचा दिवस तीस सप्टेंबर. आपला गाळा अजून अबाहच्याच नावावर आहे, म्हणजे वारस आपण दोघं आणि सह्या दोघांच्या. सोबत हक्कसोडपत्र आहे. पेन्सिलीने फुली मारलीय तिथे सही कर आणि पाठवून दे. तीस तारखेला चार वाजेपर्यंत तो कागद पोचला नाही तर गाळा कचेरीकडे परत जाईल. मग तिथे मोबाइलची कव्हरं विकणारा बसेल. परवा येऊन तो मापंसुद्धा घेऊन गेला. माझ्या देखत, माझ्याच पुस्तकांच्या गठ्ठ्यावर वही ठेवून आकडे लिहीत होता, निर्लज्ज.

तुला वाटत असेल, बसू दे. तू तर अबाहच्या तोंडावर सांगितलंस की दुकानं संपली. लोक आता फोनवर बोट टेकवतात आणि पुस्तक दारात येतं, आणि ज्याच्या गोदामातून ते येतं तिथेच मला नोकरी लागलीय, म्हणालास. आम्ही बाजारात फोनवरच्या त्या दुकानाला राक्षस म्हणतो, माहीत आहे ना? त्या राक्षसाच्या घरी पार्सलं बांधायला गेलास तू. अबाहने तुला दोरी बांधायला शिकवली ती याच्यासाठी.

पण दुकान संपलं नाही, ईलार. शाळेची पुस्तकं, परीक्षेची पुस्तकं, सगळं राक्षसाने गिळलं, ते खरं. त्या मालाला मी आता हात लावत नाही. मी विकते आपली जुनी सुंदानी पुस्तकं. माशांची तळी कशी राखावीत, बाहुल्यांचे खेळ कसे लिहावेत, पन्नास वर्षांपूर्वीची मुलांची वाचनमाला. माझं फोनवर एक पान आहे. त्यावर पुस्तकाचा फोटो टाकते आणि शेवटच्या कोऱ्या पानावर अबाहने जी पेन्सिलीने नोंद केलेली असायची, कुठल्या घरातून आणलं, कधी, तिचाही फोटो टाकते. लोक त्या नोंदीसाठी घेतात म्हटलं तरी चालेल. गारुतचा एक मासेवाला माणूस मुद्दाम "तुमच्या वडिलांनी लिहिलेलं असेल तरच" म्हणून मागवतो.

ही अक्कल माझी नाही, कबूल करते. ती दिली इबू हाप्सारी म्हणून एका गिऱ्हाइकाने. निवृत्त मास्तरीण आहे. तीन वर्षांपूर्वी तिचं पहिलं पुस्तक गेलं, तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी एक, कधी चुकलं नाही. तिनेच फोनवर लिहिलं होतं: "मोठ्या दुकानाला फक्त पाठीवरच्या काळ्या पट्ट्या वाचता येतात. ज्या पुस्तकाला पट्ट्या नाहीत ते त्याला दिसतच नाही. तुम्ही न दिसणारी पुस्तकं विका." तू राक्षसाच्या पोटात राहतोस, तुला सुचलं असतं हे? माझ्या पानावर मागणी करताना दोन चौकोन असतात, एक "घरपोच पाठवा" आणि एक "स्वतः येऊन नेणार". किती वेळा म्हटलं तिला, एकदा दुसऱ्यावर खूण करा, या, चहा घेऊ. तर म्हणे गुडघे दुखतात.

परकी बाई धरून राहते आणि रक्ताचा भाऊ बापाला माती द्यायला येत नाही. अबाह सकाळी सातला गेले. दुपारच्या जोहरच्या नमाजपर्यंत मैयत थांबवून ठेवली होती तुझ्यासाठी, अख्ख्या गल्लीने पाहिलं. मी विसरले नाही.

सही कर.

तेतेह नेंदेन


बांडुंग, ११ सप्टेंबर

ईलार,

तुझा कागद आला नाही, ते राहू दे. आज अक्षर सांभाळून घे.

ओदिंगमामा आठवतात ना, किलोने रद्दी घेणारे? अजून तसेच आहेत, दात तेवढे गेले. काल सकाळी चार पोती टाकून गेले, जकार्ताच्या बाजूने ट्रक आला होता. मी पोतं सोडलं आणि वरचंच पुस्तक हातात आलं ते आपलं. आपलं म्हणजे आपल्या गाळ्याचा शिक्का, मी चढवलेलं पारदर्शक वेष्टण, अबाहची कोपऱ्याची घडी. म्हटलं, असेल एखादं. दुसरं काढलं, तेही. खाली खाली जात गेले तर एकतीस! सगळी मी स्वतः बांधून पाठवलेली. आणि ईलार, सगळी एकाच गिऱ्हाइकाची. वाचनमाला, माशांच्या तळ्याचं, मागच्याच महिन्यात पाठवलेलं भाताच्या वाणांचं. इबू हाप्सारींची.

आपल्या धंद्यात याचा अर्थ एकच असतो, तुला सांगायला नको. माणूस आपली पुस्तकं एकेक करून विकतो. सगळी एकदम किलोवर येतात ती माणूस गेल्यावर, मुलं घर रिकामं करतात तेव्हा. अबाह नाही का पोतं उघडण्याआधी गेलेल्या माणसासाठी फातिहा म्हणायचे? मीही म्हटली. शेजारच्या गाळ्यातली ईस धावत आली, तिला वाटलं माझ्याच घरचं कोणी गेलं. तसंच रडत होते मी. तीन वर्षं ज्या बाईशी सुखदुःख बोलले तिचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. दुपारी शेजारच्या गाळेवाल्यांना बाला-बाला भजी वाटली तिच्या नावाने. ईसने विचारलं की कोण होती तुझी, आणि मी तिच्या हातात आणखी एक भजं ठेवलं.

आणि आज सकाळी दहा वाजता फोन वाजला. नवीन मागणी. "झऱ्याच्या गोष्टी, एक प्रत, घरपोच." खाली नाव: इबू हाप्सारी.

मेलेली बाई पुस्तक मागवते, ईलार? माझ्या अंगावर काटा आला तो अजून बसला नाही. ईस म्हणते जिन असेल. मी तिला गप्प बसवलं, पण फोन उपडा करून ठेवलाय आणि त्याच्याकडे बघवत नाही. तिच्या मुलांपैकी कोणी तिच्या नावाने मागवतंय का? की बाई जिवंत आहे, आणि पुस्तकं चोरीला गेली? की तिने स्वतःच रद्दीत घातली आणि वर नवीन मागवतेय? कुठलंही घेतलं तरी डोकं चालत नाही.

तिचा पत्ता चिकारांगचा आहे. इतकी वर्षं मी तो पार्सलावर लिहीत आले आणि ते तुझंच गाव आहे हे मनातही आलं नाही. मनात आलं असतं तरी तुला काय सांगायचं होतं? आज सांगते. खाली पत्ता लिहिलाय. भाड्याच्या खोल्यांची चाळ दिसतेय, तिसरी गल्ली, सात नंबर. जाऊन बघ. बाई जिवंत असेल तर सांग, नेंदेनने सलाम सांगितलाय. माझं एवढं एक काम कर.

तेतेह


बांडुंग, १४ सप्टेंबर

ईलार,

नको जाऊस. कुठे जायची गरज नाही.

परवा पोत्यातली पुस्तकं पुसायला घेतली. दोन दिवस शिवलेच नव्हते, मेलेल्या माणसाच्या वस्तू उघडायला धीर होत नव्हता. पहिल्या पुस्तकाच्या वेष्टणाच्या आत, मलपृष्ठाच्या बाजूला, काहीतरी फुगलेलं होतं. बोट घालून काढलं तर सुतळी. मी पार्सलाला बांधते तीच, पण न कापलेली. गाठ सोडवून, अंगठा आणि करंगळीवर आठाच्या आकड्यासारखी गुंडाळून, शेवट मधून ओढून घेतलेला. दुसऱ्या पुस्तकातही तशीच. एकतीस पुस्तकं, एकतीस आठ.

"दोरी कापणारा माणूस पुस्तकाची पानंही थुंकी लावून उलटतो." अबाहचं वाक्य. असा आठ जगात तिघंच करत होते. एक कबरीत आहे. एक मी आहे.

किती वेळ मी ती सुतळी हातात धरून बसले होते देव जाणे. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, विचारून विचारून निघून गेलं. मग वेड्यासारखी शेवटची पानं उघडत सुटले. अबाहची नोंद: "सुमेदांग, जुन्या पोस्टमास्तरांच्या माळ्यावरून, १९८६. म्हातारी फार रडली." आणि तिच्याखाली तुझं ते मुंगळ्यांच्या रांगेसारखं अक्षर: "मी होतो. म्हातारीने मला पिकलेलं केळं दिलं." दुसऱ्यावर अबाह: "गारुत, तीन खोकी. परतताना सायकल पंक्चर, मुक्काम." खाली तू: "पंक्चर नव्हती. मी टाचणी टोचली होती. घरी जायचं नव्हतं."

मी हसले, ईलार. भर बाजारात मोठ्याने हसले, आणि हसता हसताच लक्षात आलं की तू मला तीन वर्षं बनवलंस.

इबू हाप्सारी म्हणे! गुडघे दुखतात म्हणे! अरे, मी त्या बाईला काय काय सांगितलं! माझे पाय सुजतात ते, रजोनिवृत्तीचं ते, नवऱ्याच्या बहिणीचं ते. पुरुषमाणसाला कोणी सांगत नाही असलं, लाज नाही वाटली वाचताना? आणि तुझ्याबद्दल! माझा भाऊ राक्षसाच्या घरचा हमाल आहे, असं मी तुलाच लिहिलं. तू उत्तर दिलंस, "हमालही थकतो, बाई. कधी विचारलंत का त्याला?" आणि मी मूर्ख, मनात म्हटलं, किती मायाळू आहे ही.

हे काय होतं? दया? बहीण भिकेला लागेल म्हणून दर पंधरवड्याला तुकडा टाकत होतास? मी बाजारात मान वर करून सांगत फिरले की माझी गिऱ्हाइकं बांधलेली आहेत. मग आज सकाळी बसून तुझी मागणी सोडून बाकीच्या बघितल्या. गारुतचा मासेवाला आहे. बाहुल्या कोरणारे चौघं आहेत. नेदरलँडला गेलेली एक नर्स आहे, तिला आपल्या गावच्या घराची नोंद असलेलं पुस्तक मिळालं होतं, तेव्हापासून तिच्या मैत्रिणीही मागवतात. थोडी आहेत, पण खरी आहेत. आणि त्यांच्यापैकी एकजण तरी आला असता का मी शेवटच्या पानाचे फोटो टाकले नसते तर? ते सुचवलंस तू. तुझ्यावर धड रागावताही येत नाही, मेल्या.

आणखी एक. ओदिंगमामांना विचारलं, पोतं कुठलं. म्हणाले, ट्रकवाल्याने गंमत सांगितली. चिकारांगला एका चाळीत छप्पर गळत होतं म्हणून कोणीतरी खोकी व्हरांड्यात वाळत ठेवली होती, गोळा करणाऱ्याला वाटलं टाकलीयत, त्याने हाती लागली तेवढी उचलली. तर एक माणूस नुसत्या बनियनवर मोठ्या रस्त्यापर्यंत गाडीमागे धावला, ओरडत. ओदिंगमामा सांगताना हसत होते. मी त्यांना चहा न देता घालवलं.

बाकीचं आज लिहवत नाही. एकदा हाप्सारीबाईने मला एक प्रश्न विचारला होता. तुला तो आठवत असणार. मी काय उत्तर दिलं तेही.

नेंदेन


बांडुंग, २२ सप्टेंबर

ईलार,

आठ दिवस झाले. तुझं काही नाही. मी या आठ दिवसांत चार वेळा पत्र लिहून फाडलं. आज फाडणार नाही.

तिने, म्हणजे तू, दोन वर्षांपूर्वी विचारलं होतंस: "तुमच्या भावाला लगेच कळवलं होतं ना?" आणि मी लिहिलं, "हो, पहिला फोन त्यालाच."

तू ते वाचलंस. तुला तर खरं काय ते माहीत होतं, तुझ्या फोनला वेळ लिहिलेली असणार. तरी पंधरा दिवसांनी तुझी मागणी आली, नेहमीसारखी. वर लिहिलं होतंस, पावसात पुस्तक जपून बांधा. आता कळतंय मला हे. एवढं खोटं पचवून तू मला सुतळीची काळजी करायला सांगत होतास!

तर ऐक. अबाह सातला गेले. आपले सख्खे मामा आले, त्यांनी विचारलं, ईलारला कळवलं? मी म्हटलं, हो, निघालाय. फोन माझ्या हातातच होता. मी लावला नव्हता. म्हटलं लावू, कफनाचं कापड काढून ठेवते आणि लावते, पाणी तापवते आणि लावते. मामा म्हणाले, मुलासाठी थांबू या. सगळे जोहरपर्यंत थांबले, आणि मी त्या सगळ्यांच्या मधे बसून तुझी वाट पाहत असल्याचं नाटक केलं. मग लोक कुजबुजायला लागले की कसला मुलगा, आणि मी मान खाली घातली. माती झाली. तिसऱ्या प्रहरची असरची नमाज झाली. तेव्हा तुला फोन केला.

का, ते विचारशील. आदल्या दिवशी दुपारी मी त्यांना चमच्याने पेज भरवत होते. दोन वर्षं मीच उठवलं, बसवलं, धुतलं. त्यांनी घास गिळला आणि विचारलं, "ईलार आला का?" माझ्याकडे बघून, माझ्या हातचं खाऊन. दुसरं काही बोललेच नाहीत नंतर. मला वाटलं, तू येशील, खांदा देशील, आणि सगळे म्हणतील मुलगा आला. एक दिवस तरी ते फक्त माझे असावेत असं वाटलं. एवढंच. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

तू संध्याकाळी आलास, अंगावर गोदामाचाच शर्ट होता. मामाने दारातच तुला काय काय सुनावलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं आता बोलेल, आता फोन काढून वेळ दाखवेल आणि मी भुईत गडप होईन. तू काही बोलला नाहीस. कबरीवर जाऊन आलास आणि गेलास. लोकांनी चार वर्षं तुला बापाला माती न देणारा म्हटलं, त्यात मी सगळ्यात पुढे. या महिन्याच्या पहिल्या पत्रातसुद्धा लिहिलं मी ते, वाच. हे सगळं झालेलं मला पाठ होतं आणि तरी मी ते लिहिलं! माणूस इतकं निगरगट्ट होतं हे मला माझ्याकडे बघून कळलं.

काल मामांकडे गेले होते. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, उद्यापासून माझ्याकडे येऊ नकोस. बरोबर आहे त्यांचं. ईसला सांगितलं, तिला सांगितलं म्हणजे बाजाराला सांगितलं.

आणि हाप्सारीबाईलाही लिहिलंय, फोनवर, तिच्या त्या जुन्या प्रश्नाच्या खाली: "नाही. माती झाल्यावर कळवलं." दोन खुणा निळ्या झाल्या. म्हणजे तिने वाचलंय.

हक्कसोडपत्राचं आता सांगते. ते फाडून टाक. कचेरीतून दुसरा अर्ज आणलाय, दोघांच्या नावाचा. माझी सही करून ठेवलीय. तू केलीस तर गाळा दोघांचा. नाही केलीस तर तीस तारखेला तो कव्हरवाला बसेल. मी कोणाला दोष देणार नाही, तो हक्क मी चार वर्षांपूर्वीच घालवला. एकतीस पुस्तकं पुसून वेगळी ठेवलीत. ती विकायची नाहीत.

तुझी तेतेह


बांडुंग, २९ सप्टेंबर

ईलार, सलाम.

हे टपालात टाकत नाही. तुझ्या स्टुलावर ठेवते. ते स्टूल अजून आहे, त्याच्यावर मी इतकी वर्षं वाचनमालेचे गठ्ठे रचले होते, आज रिकामं केलं. एक पाय डुगडुगतो, खाली पुठ्ठा घातलाय.

सकाळपासून गाळ्यात मन नव्हतं. ईस मला चहा पाजत होती, बोलत नव्हती, पण पाजत होती. कव्हरवाला पुन्हा आला, या वेळी सुताराला घेऊन. सुतार आपल्या फळ्या ठोकून बघत होता की किती निघतील. मी ठोकू दिलं.

अकराच्या सुमाराला फोन वाजला. मला बघवेना, ईसने उचलून वाचला आणि माझ्यासमोर धरला. "इबू हाप्सारी. झऱ्याच्या गोष्टी, एक प्रत." ती तर मी तेव्हाच बांधून ठेवली होती, पाठवायला हात धजला नव्हता. तेच पुस्तक पुन्हा मागितलं होतंस. मला वाटलं, झालं, सही नाही, बोलणं नाही, पुन्हा ही बाई मधे. राग येणार होता मला, खरंच.

मग ईसने बोट लावून खालची ओळ दाखवली. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. तीन वर्षांत त्या बाईने एकदाही हात लावला नव्हता त्या चौकोनावर खूण होती.

"स्वतः येऊन नेणार. ३० सप्टेंबर, सकाळी."

आणि शेऱ्याच्या जागी चार शब्द: "पेन घेऊन येतो, तेतेह."

सुताराला मी हाकलून दिलं.